साठ हजार सांधे: कूलगार्डी पाणी योजनेचा प्रकरण अभ्यास

पर्थजवळच्या धरणातून कूलगार्डी आणि कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणींकडे पाणी नेणाऱ्या, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या या जलवाहिनीबद्दल बोलताना सगळे आधी तिची लांबी सांगतात: ५६० किलोमीटर. मला मात्र दुसरा एक आकडा जास्त बोलका वाटतो. साडेआठ मीटर लांबीचे सुमारे साठ हजार पोलादी नळ एकाला एक जोडून ही वाहिनी तयार झाली. म्हणजे साठ हजार सांधे. प्रत्येक सांध्यातून तासाला फक्त एक लिटर पाणी झिरपतंय असं धरा. दिवसाला १४ लाख ४० हजार लिटर पाणी वाळूत जाईल. योजनेची क्षमता होती रोज ५० लाख गॅलन, म्हणजे साधारण २ कोटी २७ लाख लिटर. शंभरातले सहा लिटर केवळ पाझरात गेले. आणि सांधा तासाला एकच लिटर गळेल, याची हमी योजना मांडली गेली त्या १८९६ साली कुणीही देऊ शकत नव्हतं.

या योजनेची कथा बहुतेक वेळा धरणाच्या, पंपांच्या किंवा एका माणसाच्या शोकांतिकेच्या अंगाने सांगितली जाते. मी ती सांध्यांच्या बाजूने वाचायचा प्रयत्न केला आहे. कारण तंत्र, पैसा, राजकारण, गंज आणि आता वारसा जपण्याचा प्रश्न, सगळ्याची गाठ शेवटी तिथेच येऊन पडते.

सोनं होतं, पाणी नव्हतं

पर्थपासून पूर्वेला सुमारे ६०० किलोमीटर आत कूलगार्डी आणि कालगुर्ली ही गावं आहेत. यिल्गार्न नावाचा हा भूखंड पृथ्वीवरच्या अतिप्राचीन खडकांपैकी. कोट्यवधी वर्षांत झिजून सपाट झालेला. जुन्या नद्यांची पात्रं गाळाने भरली आणि त्यांच्या जागी खाऱ्या तळ्यांच्या माळा उरल्या. वर्षाला जेमतेम २५० मिलिमीटर पाऊस, आणि उन्हात उडून जाणारं पाणी त्याच्या कितीतरी पट. जमिनीखाली पाणी लागतं, पण अनेक ठिकाणी ते समुद्रापेक्षाही खारट.

या मुलखात माणसं राहत नव्हती असं मात्र नाही. इथल्या मूळ आदिवासी समाजांना ग्रॅनाइटच्या उघड्या खडकांवरचे पाणखळगे ठाऊक होते. त्यांना ‘नामा’ म्हणतात. पावसाचं पाणी खळग्यात साठायचं आणि बाष्पीभवन होऊ नये, जनावरं पडू नयेत म्हणून वर दगड किंवा फांद्या झाकून ठेवायच्या. १८६४ ते १८६६ या काळात चार्ल्स हंट यांनी पूर्वेकडे वाट काढली, तेव्हा त्यांच्या विहिरी आणि छोटे बांध बहुतेक अशाच खडकांच्या आसऱ्याने झाले. तीस वर्षांनी सोन्याच्या मागे धावणारी गर्दी याच वाटेने गेली. घोडे, उंट आणि हजारो माणसं त्या खळग्यांवर तुटून पडली. पिढ्यानपिढ्या काटकसरीने वापरलेले पाणवठे बघता बघता कोरडे झाले. योजनेच्या गौरवाच्या लिखाणात ही बाजू एखाद्या वाक्यात उरकली जाते. मला ती योजनेची पहिली पायरी वाटते, कारण जुनी पाणीव्यवस्था मोडली तिथूनच नव्या व्यवस्थेची गरज सुरू झाली.

सप्टेंबर १८९२ मध्ये आर्थर बेली आणि विल्यम फोर्ड यांना कूलगार्डीला सोनं सापडलं. जून १८९३ मध्ये पॅडी हॅनन, टॉम फ्लॅनागन आणि डॅन शे यांना आजच्या कालगुर्लीच्या जागी. १८९१ च्या जनगणनेत साऱ्या पश्चिम ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या ५० हजारांच्या आत होती, १९०१ मध्ये ती १ लाख ८४ हजारांवर गेली. ही वाढ सोन्याने घडवली.

पाणी मिळवायचा मार्ग एकच होता: खारं पाणी उकळायचं. लोखंडी टाक्यांखाली लाकूड पेटवायचं, वाफ लांब नळ्यांतून फिरवून थंड करायची आणि थेंब थेंब गोडं पाणी गोळा करायचं. त्याला लागणारं लाकूड आसपासच्या रानातून यायचं, आणि रान रोज थोडं लांब जायचं. पाणी गॅलनवर, शिलिंगांत विकलं जाई. आंघोळ ही चैन होती. मैल्याची व्यवस्था नव्हती, हात धुवायला पाणी नव्हतं, त्यामुळे विषमज्वराने शेकडो तरुण माणसं गेली. सरकारने ग्रॅनाइटमध्ये खोल भोकं पाडून गोडं पाणी शोधून पाहिलं. खडकात ते नव्हतंच.

खरी कोंडी रेल्वेने आणली. १८९६ च्या मार्चमध्ये रूळ कूलगार्डीला आणि सप्टेंबरमध्ये कालगुर्लीला पोहोचले. वाफेचं इंजिन म्हणजे चालतं-फिरतं तहानलेलं जनावर. वाटेत कारली नावाच्या ग्रॅनाइटच्या टेकाडावर रेल्वेसाठी केलेली व्यवस्था आजही बघायला मिळते. खडकाच्या कडेने दगडी फरशांची बुटकी भिंत फिरवली आहे, पावसाचं पाणी त्या भिंतीला अडून एका बाजूला येतं, आणि अर्धगोल पोलादी पन्हाळातून तळ्यात उतरतं. कल्पना पाणखळग्याचीच, फक्त मोजमाप मोठं. पण पाऊसच आला नाही तर हे तळंही कोरडं.

निर्णय

१८९० मध्ये वसाहतीला स्वतःचं जबाबदार सरकार मिळालं आणि जॉन फॉरेस्ट तिचे पहिले पंतप्रधान (प्रीमियर) झाले. त्यांनी १८९१ मध्ये न्यूझीलंडहून चार्ल्स येल्व्हर्टन ओ'कॉनर यांना मुख्य अभियंता म्हणून आणलं. ओ'कॉनर मूळचे आयर्लंडच्या मीथ परगण्यातले, जन्म १८४३ चा. पद नक्की कशाचं, रेल्वेचं की बंदराचं, असं त्यांनी विचारलं तेव्हा फॉरेस्ट यांनी तारेने उत्तर दिलं की रेल्वे, बंदरं, सगळंच. फ्रीमँटलचं बंदर त्यांनी स्वान नदीच्या मुखातला चुनखडीचा बांध फोडून नदीच्या आत बांधलं. तिथे बंदर नको, असा त्या काळच्या नामांकित तज्ज्ञाचा सल्ला होता. १८९७ मध्ये ते बंदर सुरू झालं आणि अजून चालू आहे. हा संदर्भ महत्त्वाचा, कारण पाण्याची योजना मांडणारा माणूस हवेत बोलणारा नव्हता. रूळ आणि बंदर त्याच्या हातून उभं राहत होतं.

जुलै १८९६ मध्ये योजना विधिमंडळासमोर आली. पर्थच्या पूर्वेला डार्लिंग डोंगररांगेत हेलेना नदीवर मंडारिंग इथे धरण, आणि तिथून रेल्वेच्या कडेकडेने पोलादी ऊर्ध्ववाहिनी, म्हणजे पंपांनी पाणी वर चढवणारा नळ. खर्चाचा अंदाज २५ लाख पौंड. वसाहतीचा तेव्हाचा वर्षाचा महसूल जवळपास एवढाच होता. पाणी हजार गॅलनला साडेतीन शिलिंगांत देता येईल, असा ओ'कॉनर यांचा हिशेब होता. एका गॅलनला शिलिंग मोजणाऱ्यांना हा आकडा खरा वाटला नसेल तर नवल नाही.

रोज ५० लाख गॅलन कशाला, कमी चाललं नसतं का, असा आक्षेप तेव्हाही होता. इथे नळाचं गणित ओ'कॉनर यांच्या बाजूने होतं. नळाचा व्यास दुप्पट केला तर तेवढ्याच घर्षणात सुमारे सहापट पाणी जातं. पोलाद मात्र जाडी तीच ठेवली तर दुप्पट आणि व्यासाच्या प्रमाणात वाढवली तर चौपट लागतं. चर खणणं, पंपघरं, रस्ते, माणसांच्या छावण्या हा खर्च तर व्यासाबरोबर फारसा वाढतच नाही. लांबच्या अंतरावर छोटा नळ टाकणं हीच उधळपट्टी. गिऱ्हाईक मिळेल का, हा प्रश्न वेगळा, आणि त्यावर विरोधकांचं अगदीच चुकलं नव्हतं. पुढे त्याकडे येऊ.

हिशेब

नळाचा व्यास ३० इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. यातून रोज २ कोटी २७ लाख लिटर न्यायचे तर पाण्याचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या थोडा वर येतो, तासाला दोन किलोमीटरच्या आसपास. माणूस रमतगमत चालला तरी पाण्याच्या पुढे जाईल. धरणातून निघालेला थेंब अखंड चालत राहिला तर अकरा दिवसांनी कालगुर्लीला पोहोचेल.

चढ ३०० मीटरहून जास्त. पण नुसता चढ मोजून चालत नाही. एवढ्या लांबीत नळाच्या आतल्या पृष्ठभागाशी घासून पाणी जी शक्ती गमावतं, ती मी आजच्या सूत्रांनी काढून पाहिली. तीही पाण्याच्या ३०० मीटर उंचीच्या घरात जाते. म्हणजे पंपांचं निम्मं काम पाणी वर चढवायला आणि निम्मं ते नुसतं पुढे ढकलायला. हे सगळं एकाच पंपघरातून करायचं म्हटलं असतं तर सुरुवातीच्या नळांवर एवढा दाब आला असता की सहा-साडेसहा मिलिमीटर जाडीचं पोलाद फाटलं असतं. म्हणून आठ उदंचन केंद्रं, म्हणजे पंपघरं. पहिली दोन मंडारिंगजवळ, कारण तिथेच डोंगराची भिंत चढायची होती. मग कंडरडिन, मेरेडिन, यर्बिलन, घूली, गिलगाय आणि डेडारी. डेडारीच्या पुढे बुला बुलिंग इथल्या साठवण तलावातून पाणी गुरुत्वाने कूलगार्डी आणि कालगुर्लीकडे उतरतं.

वाफेवरचे वीस पंपसंच लंडनच्या जेम्स सिम्प्सन कंपनीने पुरवले. पहिल्या चार केंद्रांत तीन-तीन, पुढच्या चारांत दोन-दोन. आठ केंद्रं एकामागोमाग असतात तेव्हा एकाचा वेग दुसऱ्याला सांभाळावा लागतो. मधलं एक थांबलं की पुढच्याचं तळं रिकामं आणि मागच्याचं ओसंडून वाहायला लागतं. एवढ्या लांबीवर, एवढ्या पाण्यासाठी हे आधी कुणी केलेलं नव्हतं. १८९७ मध्ये लंडनला कॅरुथर्स, डीकन आणि अनविन या तिघा अभियंत्यांच्या मंडळापुढे योजनेची बारकाईने तपासणी झाली, ती याच धास्तीपोटी. कर्ज उभारायलाही वेळ लागला. प्रत्यक्ष काम १८९८ मध्ये सुरू झालं. धरणाच्या पायात खडकाला भेग निघाली आणि ती साफ करून काँक्रीटने भरण्यासाठी नदीच्या तळाखाली खूप खोल जावं लागलं. धरण १९०२ मध्ये पुरं झालं.

नळ, आणि नळाचा उभा सांधा

त्या काळी मोठे पोलादी नळ रिव्हेट मारून करत. पत्रा गोल वळवायचा, कडेवर कड चढवायची, भोकं पाडायची, रिव्हेट ठोकायचे. यात तीन दोष. भोकांमुळे पत्रा दुबळा होतो. प्रत्येक भोक ही गळतीची जागा. आणि आत उठून राहिलेली रिव्हेटची डोकी पाण्याला अडवतात, म्हणजे घर्षण वाढतं, म्हणजे कोळसा जास्त जळतो. ५६० किलोमीटरवर या डोक्यांची किंमत प्रचंड झाली असती.

मेफन फर्ग्युसन या मेलबर्नच्या कारखानदाराने यावर काढलेला उपाय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर तुकडा वाटतो. दोन लांब पत्रे अर्धगोल वळवायचे. त्यांच्या कडा दाबून किंचित जाड करायच्या. दोन पत्र्यांच्या मध्ये, नळाच्या लांबीभर, एक पट्टी ठेवायची. तिचा छेद आडव्या ‘एच’ अक्षरासारखा, दोन्ही बाजूंना खाच. कडा खाचेत बसवायच्या आणि जलदाबाच्या यंत्राने पट्टीचे ओठ मिटवून टाकायचे. जाड झालेली कड मग बाहेर येऊच शकत नाही. भोक नाही, रिव्हेट नाही, आत काही उठून आलेलं नाही, आणि सांध्याची ताकद पत्र्याएवढीच. त्याला ‘लॉकिंग बार’ नळ म्हणतात. वेल्डिंगवर अजून भरवसा ठेवता येत नव्हता, त्या काळाच्या फटीत बसलेलं हे अगदी नेमकं तंत्र.

पोलादी पत्रे जर्मनी आणि अमेरिकेतून आले. नळ मात्र पर्थजवळच, फर्ग्युसन आणि हॉस्किन्स या दोन कंत्राटदारांच्या कारखान्यांत बनले. हे शहाणपणाचं होतं: जहाजात सपाट पत्रे मावतात, पोकळ नळ भरले तर जहाज हवाच वाहून आणतं. तयार नळांना डांबराचा लेप देऊन ते रेल्वेने पुढे जात.

आडवा सांधा

नळाचा उभा सांधा कारखान्यात सुटला. नळाला नळ जोडणारा आडवा सांधा उघड्या माळावर, चरात बसून करायचा होता. दोन नळांची टोकं समोरासमोर आणायची, वरून पोलादी कडं सरकवायचं, कडं आणि नळ यांच्या फटीत वितळलेलं शिसं ओतायचं. थंड होताना शिसं आक्रसतं आणि बारीक फट राहते. म्हणून ते छिन्नी-हातोड्याने चहूबाजूंनी ठोकून ठासायचं. यालाच कॉकिंग म्हणतात. नळाच्या खालच्या बाजूला माणूस चरात आडवा होऊन ठोकणार, ऊन चाळिशीपार, आणि सांधे साठ हजार.

शिसंच का, याचं कारण उन्हात आहे. पोलाद तापलं की वाढतं. दिवस-रात्र, उन्हाळा-हिवाळा यांत तीस अंशांचा फरक धरला तर सबंध वाहिनीची लांबी सुमारे २०० मीटरने बदलते. साठ हजार सांध्यांत वाटून घेतली तर दर सांध्याला तीन मिलिमीटर. मऊ शिसं एवढं सहन करतं, पण वर्षानुवर्षं रोज खेचलं तर तेही ढिलं पडतं. म्हणून वाहिनी जमिनीखाली पुरली. मातीच्या पांघरुणाखाली तापमान फारसं हलत नाही, सांधे शांत राहतात.

हाताने ठोकून काम वेळेत होईना. तेव्हा विजेवर चालणारं ठोकण्याचं यंत्र आलं, जेम्स कूस्टन यांनी बनवलेलं. यंत्राचा ठोका एकसारखा, वेग कितीतरी जास्त. तांत्रिकदृष्ट्या निवड बरोबर होती असंच मला वाटतं. पण यंत्र आलं म्हणजे यंत्रवाल्यांचं कंत्राट आलं, आणि कंत्राट आलं म्हणजे संशय आला.

१९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाचं संघराज्य झालं आणि फॉरेस्ट केंद्रातल्या राजकारणात गेले. ओ'कॉनर यांच्या डोक्यावरचं छत्र गेलं. राज्यात सरकारं भराभर पडत होती. पर्थच्या वृत्तपत्रांतून योजना म्हणजे वेडेपणा, पाणी कधीच पोहोचणार नाही, पैसा खाल्ला गेला, असा मारा चालला होता. मोजक्या शब्दांत सांगायचं तर नळ कसा आहे, पंप कसे आहेत यावर टीका टिकत नव्हती. ती कॉकिंगच्या कंत्राटावर येऊन बसली. फेब्रुवारी १९०२ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. त्यावेळी वाहिनीची पहिली मोठी चाचणी तोंडावर होती.

१० मार्च १९०२ रोजी ओ'कॉनर यांनी आपलं आयुष्य संपवलं. वय ५९. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्यांनी लिहिलं होतं की कूलगार्डी योजना ठीक आहे आणि विपर्यासापासून संरक्षण मिळालं तर आपण ती पुरी करू शकलो असतो. चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ आहे: हेलेना धरणाच्या बाजूच्या भिंती ताबडतोब घाला. ती ओळ वाचली की मला दर वेळी थांबावं लागतं. आयोगाला पुढे त्यांच्याविरुद्ध भ्रष्टाचाराचा पुरावा मिळाला नाही.

प्रकरण अभ्यास म्हणून इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. फ्रीमँटल बंदर, रेल्वेचं जाळं आणि ही योजना, तीन प्रचंड कामं एकाच माणसाच्या खांद्यावर होती. विधिमंडळाला उत्तर देणं, कंत्राटांची छाननी, हाताखालच्यांवर देखरेख, हेही त्याच्याकडेच. तांत्रिक जोखीम लंडनच्या तिघांकडून तपासून घेतली गेली. कंत्राटांच्या जोखमीसाठी तशी कुठलीही स्वतंत्र नजर नव्हती. जिथे तपासणी नव्हती, तिथूनच वार झाला.

पाणी पोहोचलं

काम अभियंता सी. एस. आर. पामर यांनी पुरं केलं. १९०२ च्या एप्रिलमध्ये पाणी नॉर्दमला, ऑगस्टमध्ये मेरेडिनला, ऑक्टोबरअखेर सदर्न क्रॉसला आणि २२ डिसेंबरला कूलगार्डीला आलं. २२ जानेवारी १९०३ रोजी मंडारिंगला जॉन फॉरेस्ट यांच्या पत्नी लेडी फॉरेस्ट यांच्या हस्ते पंप सुरू झाले. दोनच दिवसांनी कूलगार्डी आणि कालगुर्लीला समारंभ झाला, पारा ४० अंशांच्या पुढे असताना. एकूण खर्च साडेसव्वीस लाख पौंडांच्या आसपास गेला. सात वर्षांपूर्वीच्या अंदाजाच्या इतक्या जवळ जाणारं एवढं मोठं सरकारी काम शोधून काढावं लागेल.

आता गिऱ्हाइकांबद्दल. पाणी आलं तोवर कूलगार्डीचा भर ओसरत चालला होता. कालगुर्लीच्या ‘गोल्डन माइल’ या खाणींच्या पट्ट्याची भरभराट टिकली, पण खाणींना धातू वेगळा करायला खारं पाणीही चालायचं. पहिल्या वर्षांत मागणी योजनेच्या क्षमतेपेक्षा बरीच कमी राहिली. केवळ सोन्यासाठी हा खर्च करावा का, हा विरोधकांचा प्रश्न तेव्हाच्या माहितीवर रास्त होता. योजनेला खरा आधार दिला तो गव्हाने. वाहिनी ज्या मधल्या पट्ट्यातून जाते तिथे वस्त्या वाढल्या, शेतकऱ्यांना फांद्या काढून पाणी दिलं गेलं, मेंढ्या आल्या, गावं झाली. आज हजारो किलोमीटरच्या फांद्यांसह ही व्यवस्था एक लाखाहून जास्त लोकांना पाणी देते. असं होईल म्हणून योजना मांडली नव्हती. क्षमता जास्त ठेवली होती, म्हणून ते होऊ शकलं.

झाडं आणि मीठ

धरण भरायला वेळ लागत होता. तेव्हा कुणाला तरी वाटलं की पाणलोटातली झाडंच पाणी पितात, ती मारली तर नदीला जास्त पाणी येईल. १९०३ च्या सुमारास हेलेनाच्या खोऱ्यातल्या हजारो एकरांवरच्या झाडांची साल गोलाकार सोलून ती वाळवली गेली. पाणी थोडं वाढलंही. पण त्याबरोबर मीठ आलं. इथल्या मातीत समुद्रावरच्या वाऱ्या-पावसाने हजारो वर्षं आणून टाकलेलं मीठ खोलवर साठलेलं असतं. खोल मुळांची झाडं भूजल खाली दाबून ठेवतात. झाडं मेली की भूजल वर येतं आणि मिठाला घेऊन ओढ्यात उतरतं. शेवटी खोऱ्यात झाडं पुन्हा वाढू द्यावी लागली.

यातलं कार्यकारण स्पष्ट मांडणारा माणूस रेल्वेतला अभियंता होता, डब्ल्यू. ई. वुड. इंजिनांच्या बॉयलरसाठी पाणी मीठरहित लागतं, म्हणून तळ्यांतला खारेपणा वर्षानुवर्षं मोजला जात होता. रान तोडल्यानंतर पाणी खारट होतं, हे त्यांनी १९२४ मध्ये शोधनिबंधातून दाखवलं. गव्हाच्या पट्ट्याने मात्र तो इशारा मनावर घेतला नाही, आणि तिथली लाखो हेक्टर जमीन पुढे खारावली. ज्या पाण्याने तो पट्टा वसवला त्याच्याच पाणलोटात हा धडा आधी घडला होता, म्हणून मला तो योजनेच्या इतिहासाचा भाग मानावासा वाटतो. वारशाच्या फलकांवर त्याला पंपांएवढी जागा मिळायला हवी.

गंज, आणि जपायचं काय

उन्हापासून वाचवायला पुरलेली वाहिनी मातीने खाल्ली. खारट, ओल धरणाऱ्या जमिनीत डांबराचा लेप जिथे उडाला तिथे पोलादाला छिद्रं पडू लागली. आतून पाण्यातला प्राणवायू काम करत होता. पहिल्याच दशकात गळतीच्या तक्रारी सुरू झाल्या. १९३० च्या दशकात मोठा निर्णय झाला: वाहिनी वर काढायची. नळ उकरून काढले, दुरुस्त केले, आतून सिमेंटचा थर दिला आणि टेकूंवर जमिनीच्या वर ठेवले. शिशाच्या सांध्याची जागा वेल्डिंगने घेतली. आज रेल्वे आणि रस्त्याच्या कडेने मैलोन्‌मैल दिसणारी पांढरट नळाची रेघ, तीच ओ'कॉनर यांची वाहिनी असं प्रवाशांना वाटतं. ओ'कॉनर यांनी ती कधी तशी पाहिलीच नाही. त्यांच्या दृष्टीने ती दिसणं हेच चुकीचं होतं.

इथे वारशाचा प्रश्न अवघड होतो. २००९ मध्ये अमेरिकेच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने या योजनेला आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक कामाचा मान दिला. २०११ मध्ये ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत आली. वाफेचे पंप जाऊन विजेचे आले, पण मंडारिंगचं पहिलं पंपघर आणि कंडरडिनचं तिसरं, दोन्हींत संग्रहालयं आहेत. मंडारिंग धरणही १९५१ मध्ये उंच केलं गेलं, जुना माथा नव्या काँक्रीटखाली गेला. नळाचा मूळ भाग सतत बदलत राहिला, आणि बदलत राहिला म्हणूनच पाणी वाहत राहिलं. राज्याच्या पाणी महामंडळाला पुढच्या दशकांत वाहिनीचे बरेच पट्टे नव्या नळाने बदलायचे आहेत, आणि नवा नळ पुन्हा जमिनीखाली घालणं स्वस्त आणि टिकाऊ ठरतं, कारण आजचे लेप आणि गंज रोखणारं विद्युत-रक्षण १९०२ मध्ये नव्हते. त्यामुळे लोकांच्या नजरेतली ती पांढरी रेघ पुसली जाईल, अशी हळहळ ऐकू येते.

मला ही हळहळ समजते, पण मी तिच्या बाजूने नाही. ही योजना चालू राहण्यासाठी बांधली गेली होती. वर ठेवलेला नळ हा १९३० च्या दशकाचा उपाय आहे, त्यालाही आता इतिहास म्हणायला हरकत नाही, पण सबंध ५६० किलोमीटर त्याच स्थितीत जपणं म्हणजे पाण्यावर खर्च व्हायचा पैसा दृश्यावर घालणं. जपायच्या वस्तू याहून लहान आणि याहून दुर्मीळ आहेत. लॉकिंग बारचे जे मूळ नळ अजून वाहिनीत काम करताहेत, त्यांचे काही पट्टे निवडून जागच्या जागी, पाणी चालू असताना ठेवावेत. जिथे मूळ शिशाचा सांधा सापडेल तिथे तो कापून, छेद दिसेल असा मांडावा: नळ, कडं, ठासलेलं शिसं, आणि शिशावर उमटलेले ठोक्यांचे व्रण. हाताचा ठोका आणि यंत्राचा ठोका वेगळा ओळखता येतो का, हे पाहणाऱ्याला स्वतः तपासता यावं. ज्या कंत्राटावरून एवढं रण माजलं ते कशाबद्दल होतं, हे कुठल्याही पुतळ्यापेक्षा त्या वीतभर छेदात जास्त कळेल.

फ्रीमँटलच्या दक्षिणेला ओ'कॉनर यांच्या नावाच्या किनाऱ्यावर, पाण्यात उभ्या घोडेस्वाराचं शिल्प आहे. भरती-ओहोटीबरोबर ते कमी-जास्त बुडतं. मंडारिंगला धरणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंती आपल्या जागी आहेत.